शेतकऱ्याने निवृत्त कधी व्हावे?

गळीत हंगाम संपला आहे. चिमणी थंड आहे, मिलचे ओव्हरहॉलिंग चालू आहे आणि मृग तोंडावर आला आहे. दुपारी चारच्या पुढे पश्चिमेकडून आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि आमच्या शेतकी खात्यात कुणीतरी हमखास म्हणतो, "निसर्गच्या दिवशी अस्संच आलं होतं." त्या दिवसाची गोष्ट आज सांगायची आहे. दर अंकात आम्ही बेणे, खत, पाणी यांवर लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे. तो आपल्या सर्वांच्या म्हातारपणाचा आहे. वडीलधाऱ्या सभासदांनी राग मानू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो.

३ जून २०२०, बुधवार. 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ दुपारी रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. तिथे वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. पुढे ते पुण्यावरून आपल्या बाजूला सरकणार, हे हवामान खात्याने आधीच सांगितले होते. आपल्या गोदाकाठाला पुराची सवय आहे. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही साले चांदोरी-सायखेड्याकडचे पोरसुद्धा सांगेल. पण चक्रीवादळाची सवय आपल्याला नाही. त्यात लॉकडाऊनचे दिवस, तोंडाला फडकी, निम्मा स्टाफ घरी. लोकांनी घराबाहेर पडू नये असे प्रशासनाचे आवाहन होते. इकडे शेतात आडसाली आणि पूर्वहंगामी ऊस डोक्याच्या वर गेलेला, चाळीत उन्हाळ कांदा भरलेला. आमच्या खात्यात फोन खणखणत होते आणि काय सांगावे ते आम्हाला नीट सुचत नव्हते.

आमच्या खात्यातले सर्वांत जुने अधिकारी, ज्यांना सगळा परिसर भाऊसाहेब म्हणतो, ते तीनच दिवस आधी, ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले होते. ३४ हंगाम त्यांनी काढले. लॉकडाऊनमुळे निरोप समारंभ झाला नाही. चार माणसांत अंतर ठेवून शाल-नारळ दिले. "आता काय करणार भाऊसाहेब?" असे विचारल्यावर ते म्हणाले होते, "झोपणार. ३४ वर्षांची झोप शिल्लक आहे." ते काही खोटे बोलत नव्हते. हंगामात शेतकी खात्याच्या माणसाला रात्र नसते. दोन वाजता फोन येतो, की ट्रॉली कॅनॉलच्या पुलावर आडवी झाली. तीन वाजता मुकादम सांगतो, टोळी पळाली. बॉयलर पेटायच्या सुमारास दिवाळी, त्यामुळे दिवाळी घरची नाही. मुलांच्या परीक्षा कधी झाल्या ते निकालाच्या दिवशी कळते.

तर हे झोपणार असलेले भाऊसाहेब ३ जूनला सकाळी आठला कारखान्याच्या गेटवर हजर. म्हणाले, "मला आत येऊ द्या, नाहीतर इथे दगडावर बसून सांगतो, पण लिहून घ्या." आम्ही त्यांना खुर्ची दिली. मग डोळे मिटून ते सांगत गेले आणि आम्ही चिटबुकाच्या पाठीमागे लिहीत गेलो. अमक्या गटात नाल्याच्या कडेला आडसाली आहे, तिथे जमीन भुसभुशीत, पहिला तोच झोपेल. तमक्याने काल पाणी धरले आहे, त्याला सांगा आत्ताच्या आत्ता पाणी तोड, ओल्या जमिनीत मुळं सुटतात. त्या वस्तीवर दोघंच म्हातारी-म्हातारा आहेत, चाळीवर ताडपत्री टाकायला दोन पोरं पाठवा. त्या चरीचं तोंड दरवर्षी पाचटाने बुजतं, ते मोकळं करायला लावा. साडेअकरापर्यंत आमच्याकडे यादी तयार झाली आणि त्याप्रमाणे फोन लागले.

ती यादी हातात घेतल्यावर आमच्या पोटात गोळा आला. एवढी सगळी माहिती ३४ वर्षे एका माणसाच्या डोक्यात होती. कारखान्याच्या एकाही वहीत ती नव्हती. ऊस नोंदीत लागणीची तारीख असते, वाण असतो, क्षेत्र असते. नाल्याचा काठ त्यात नसतो, म्हातारा-म्हातारी नसतात. भाऊसाहेब त्या दिवशी खरंच झोपले असते तर? चूक त्यांची नव्हती. त्यांना कुणी कधी विचारलेच नव्हते. आम्ही दहा-पंधरा वर्षे त्यांच्या हाताखाली काढली, आम्हीही विचारले नव्हते. उठताना ते म्हणाले, "आपण उसाचं वय लिहितो. माणसाचं वय कुठंच लिहीत नाही."

दुपारनंतर आम्ही गटात फिरायला निघालो. एका वस्तीवर ७८ वर्षांचे एक सभासद, त्यांना इथे नाना म्हणू, वाऱ्यात धोतराचा काचा मारून उसाची बेटे पाचटाने एकमेकांना बांधत होते. पन्नाशी ओलांडलेला मुलगा बांधावर उभा. आम्ही मुलाला म्हटले, "अहो, कॅनॉलच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद केला का?" तो म्हणाला, "ते नानांना ठाव. मला नाही माहीत कुठल्या कोपऱ्याला पुरलाय तो." ताडपत्र्या कुठल्या खोलीत, ते नानांना ठाव. खोलीची किल्ली नानांच्या करगोट्याला. आम्ही म्हटले, "नाना, तुम्ही आता घरात बसा, वारा वाढू राहिला." नाना म्हणाले, "मी बसलो तर हे कोण बघंल?" यावर मुलगा खाली बघून इतकेच बोलला, "आम्हाला कधी बघू दिलं?"

रात्री वारा आणि पाऊस दोन्ही झाले. वादळाचा जोर तोवर ओसरला होता, किनाऱ्यावर झाले तसे इकडे झाले नाही. तरी नानांचा खालचा ऊस झोपला. झोपलेल्या उसाला डोळे फुटतात, पांगशा मुळ्या सुटतात, उंदीर लागतात आणि उतारा घसरतो, हे सांगायला नको. पण आम्हाला झोपलेल्या उसापेक्षा बांधावर उभा राहिलेला तो मुलगा जास्त दिसत राहिला. पन्नाशीचा बाप्या माणूस, आणि स्वतःच्या शेतात पाहुण्यासारखा.

नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते. नेमणुकीच्या दिवशीच ती कागदावर लिहिलेली असते, ५८ किंवा ६०. ती चांगली असो वाईट असो, ठरलेली असते. त्याच्या पेन्शनीचे फार कौतुक करू नका. कारखान्याच्या कामगाराला मिळते ती १९९५ च्या योजनेतली पेन्शन, आणि २०१४ साली तिची किमान रक्कम ठरली महिना हजार रुपये. जिल्ह्यातल्या काही कारखान्यांच्या चिमण्या वर्षानुवर्षे थंड राहिलेल्या आपण पाहिल्या आहेत. तिथल्या कामगारांचे उतारवय कसे गेले, हे ज्याचे नातलग त्यात होते त्याला विचारावे. तेव्हा नोकरदार सुखात आणि शेतकरी दुःखात, असा हा हिशेब नाही. फरक एवढाच, की नोकरदाराच्या म्हातारपणाला तारीख आहे म्हणून तो तिचा विचार करतो. शेतकऱ्याच्या म्हातारपणाला तारीख नाही, म्हणून विचारही नाही. मग एक दिवस छातीत कळ येते, किंवा रात्री मोटर चालू करायला गेलेला माणूस चारीत पडून मांडीचं हाड मोडतं, आणि निवृत्ती होते. ती आपण घेतलेली नसते, ती आपल्यावर येऊन पडते.

गट बैठकीला समोरच्या रांगेकडे आम्ही बघतो तेव्हा पांढऱ्या टोप्या आणि पांढरे केस एकसारखे दिसतात. १९८० च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या आंदोलनात उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला भाव मागत जे तरुण खेरवाडीला रेल्वेच्या रुळांवर बसले, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्या पिढीने विहिरी खोदल्या, पाइपलाइनी आणल्या, शेअर्सचे पैसे पोटाला चिमटा काढून भरले, मुरमाड रानात माती भरली. आज जे हिरवे दिसते ते त्यांच्या घामाचे आहे. त्यांना "आता बाजूला व्हा" म्हणायचा अधिकार कुणाला नाही, आम्हाला तर नाहीच नाही. पण रात्रीच्या लाइटीला सत्तर वर्षांचा माणूस बॅटरी घेऊन, बिबट्याच्या उसातून, पाणी धरायला जातो आणि घरात धडधाकट मुलगा झोपलेला असतो, कारण "त्याला जमत नाही", हे आम्ही डोळ्यांनी बघतो. त्याला जमत नाही, कारण त्याला कधी करू दिले नाही. मग तो नाशिकला सातपूर-अंबडला कंपनीत चिकटतो आणि आपण म्हणतो, पोरांना शेतीची आवड नाही.

नाना आणि त्यांच्यासारखे आणखी पुष्कळजण यावर जे उत्तर देतात तेही इथे मांडले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. ते म्हणतात, "तुम्ही शिकलेले लोक सोपं बोलता. एकदा सातबारा त्यांच्या नावावर झाला, उसाचं बिल त्यांच्या खात्यावर गेलं, की मला चहाला पैसे मागावे लागतील. आणि दोन भाऊ आहेत. मी आहे तोवर एक चूल आहे. मी हात काढला की दुसऱ्या दिवशी बांध पडंल." ही भीती खोटी नाही. आम्ही अशी घरे पाहिली आहेत, जिथे बापाने सगळे लिहून दिले आणि नंतर त्याचे अंथरूण पडवीतून गोठ्यात गेले.

आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' नाटक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. रंगमंचावर ते १९७० साली आले, डॉ. श्रीराम लागू त्यात अप्पा बेलवलकर झाले होते. नव्या पिढीने २०१६ चा नाना पाटेकरांचा सिनेमा पाहिला असेल. अप्पा मोठे नट. उभे आयुष्य रंगभूमीला दिले. निवृत्त झाले आणि जवळचे होते नव्हते ते मुला-मुलीला वाटून मोकळे झाले. पुढे काय हाल झाले ते सर्वांना ठाऊक आहे. या नाटकाचे मूळ शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये आहे. तिथेही म्हातारा राजा राज्य वाटून टाकतो आणि शेवटी भर वादळात उघड्यावर पडतो. नाटक बघून आलेला शेतकरी एकच धडा घेतो, की मरेपर्यंत काही सोडू नये.

आमचे मत निराळे आहे. अप्पांची चूक निवृत्त होण्यात नव्हती. एका दिवसात सगळे देण्यात होती. आदल्या दिवशी सर्व त्यांच्या हातात आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही. स्वतःला आणि बायकोला डोक्यावर छप्पर, रोजचा खर्च, यातले काही राखले नाही. मुलांना आधी थोडे देऊन पाहिले नाही, की यांना झेपते का, यांची दानत कशी आहे. बेणे पारखल्याशिवाय आपण एक गुंठा लावत नाही, आणि तिथे उभे शेत एका दिवसात देऊन टाकले! आता नानांकडे बघा. त्यांनी उलट टोक धरले. काहीच दिले नाही, काहीच सांगितले नाही. अप्पांचे घर गेले, नानांचा ऊस झोपला. दोन्हीकडे नड एकच, हप्त्याहप्त्याने काही झाले नाही.

नाशिककरांना पुराचा अंदाज घ्यायला कुणी शिकवावे लागत नाही. गोदावरीत दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या गुडघ्याला पाणी लागले, की काठच्या बाजारपेठेतले दुकानदार जागे होतात. कमरेला लागले की माल वरच्या मजल्यावर जाऊ लागतो. गळ्याशी आले की माणसे हलतात. डोके बुडेपर्यंत कुणी गादीवर बसून राहत नाही. वयाचेही असेच माप लावले तर?

पहिले माप, पंचावन्न ते साठ. पाणी गुडघ्याला. या वयात एक तुकडा, एक एकर का असेना, मुलाच्या किंवा सुनेच्या किंवा शेती करणाऱ्या मुलीच्या हातात पूर्ण द्यावा. पूर्ण म्हणजे पूर्ण. वाण त्याने निवडायचा, खताची उधारी त्याने आणायची, बिलाचा हिशेब त्याने ठेवायचा, आणि चुकला तर वर्षभर गप्प बसायचे. हे गप्प बसणे फार अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण चुका एका एकरावर झालेल्या बऱ्या. वडील हयात असताना झालेली चूक सुधारते, नंतरची फार महागात पडते.

दुसरे माप, साठ ते सत्तर. पाणी कमरेला. या काळात कागद पुरे करावेत. कारखान्याच्या शेअर्सवर वारसाचे नाव आहे का, ते बघा. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३० मध्ये सभासदाच्या निधनानंतर भाग हस्तांतराची तरतूद आहे. नाव नोंदलेले असेल तर ते काम सरळ होते, नसेल तर घरातली माणसे कागदांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. शेतीचे वाटप करायचेच असेल तर हयातीत, महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून, सगळ्यांना समोर बसवून करा. कायद्याने २००५ पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तिला अंधारात ठेवून केलेली वाटणी पुढे कोर्टात उभी राहते. घरधनिणीचे नाव सातबाऱ्यावर लागले आहे का, तेही पाहा. आपल्यामागे राहण्याची पाळी बहुधा तिच्यावरच येते. आणि एक कागद कुठल्याही कायद्यात नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा: एका वहीत लिहून ठेवा, की पाइपलाइन कुठून कुठे गेली, व्हॉल्व्ह कुठे पुरला, सोसायटीचे, बँकेचे आणि हातउसने देणे किती, कुणाकडे आपले येणे किती, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचते. नानांच्या घरी ती वही असती तर त्या दिवशी वीस मिनिटांत काम झाले असते.

तिसरे माप, सत्तरीच्या पुढे. पाणी गळ्याशी. इथे रात्रीचे पाणी बंद, ट्रॅक्टरवर बसणे बंद, विहिरीत उतरणे बंद. बांधावर बसावे, सांगावे, विचारले तर सांगावे, नाही विचारले तरी कधीमधी सांगावे. म्हाताऱ्या माणसाला तेवढा हक्क आहे. पण एक गोष्ट शेवटपर्यंत सोडू नये: नवरा-बायकोपुरता एक तुकडा आणि त्याच्या उसाचे बिल स्वतःच्या खात्यावर. चहाचे, औषधाचे, नातवाच्या खाऊचे पैसे कुणाकडे मागायची पाळी येऊ नये. हा तुकडा घरच्यांनी पिकवून द्यावा. तो हावरेपणा नव्हे, ती शेतकऱ्याची पेन्शन आहे, आणि ती त्याने स्वतःच मंजूर करून घ्यायची आहे.

तरुण सभासदांनाही एक सांगणे आहे. सरकारने २०१९ साली दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी किसान मानधन योजना आणली. १८ ते ४० वयापर्यंत नाव घालायचे, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरणार आणि साठीनंतर महिना ३००० रुपये, अशी ती बांधली होती. तीन हजारांत म्हातारपण निघत नाही, हे आम्हालाही कळते. पण त्यातली वयाची अट वाचा. चाळिशी ओलांडली की दार बंद. म्हातारपणाची तरतूद तरुणपणीच होते, हे सरकारी कागदसुद्धा सांगतो. आपण मात्र तहान लागली की विहीर खणायला निघतो.

हे सगळे आपले पीक आपल्याला कधीपासून शिकवते आहे. लागणीचा ऊस गेला की आपण जमीन मोडत नाही, खोडवा राखतो. खोडव्याला मशागत कमी, बेण्याचा खर्च नाही. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट जाळले नाही, पहारीने खत दिले, तर तो चांगला साथ देतो. पण त्याच्याकडून आडसालीचा उतारा मागायचा नसतो, आणि त्याला बेवारस टाकायचे तर मुळीच नसते. घरातल्या वडील माणसाचे हेच आहे. त्याला मोडू नका आणि त्याच्यावर पहिल्यासारखे ओझेही टाकू नका. वाणांचेही बघा. कोसी ६७१ ने एकेकाळी साखरेच्या उताऱ्यात नाव काढले. पुढे तो शेतातून मागे पडला. पण आज रानोरान दिसणारा को ८६०३२ हा कोसी ६७१ च्याच संकरातून आला आहे. आपल्यापेक्षा भारी वाण मागे ठेवून जुना वाण गेला, याला आम्ही चांगली निवृत्ती म्हणतो.

लोकांना सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असे कुणी म्हणू नये म्हणून आमचेही सांगतो. आम्हीही पंचेचाळिशी ओलांडली आहे. आमच्याही डोक्यात अनेक गोष्टी अशा आहेत, की ज्या कुठे लिहिलेल्या नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा तोराही असतो. "साहेबांना विचारा, त्यांना ठाव" हे ऐकायला गोड लागते. नानांच्या करगोट्याला किल्ली होती, आमच्या खिशात मोबाइल आहे, एवढाच फरक. निसर्ग वादळानंतर आम्ही खात्यात गटवार वह्या सुरू केल्या. चिटबॉयपासून अधिकाऱ्यापर्यंत जो ज्या रानात जाईल त्याने तिथे काय पाहिले ते लिहायचे: सखल जागा, बुजणाऱ्या चरी, एकटी राहणारी माणसे. पहिल्या वर्षी वह्या निम्म्या कोऱ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी दोन दिवस येऊन त्यांतल्या तीन वह्या स्वतः भरून दिल्या. आता काम बरे चालले आहे. पुरे झालेले नाही. आणि ऊस नोंदीच्या वेळी आम्ही सभासदाचे वय आणि "रानात प्रत्यक्ष कोण बघते" हे विचारून पेन्सिलीने समासात टिपतो. काही जण चिडतात. चिडू द्या.

नानांचे पुढे काय झाले, ते विचाराल. त्या पावसाळ्यात बापलेकांत आठ दिवस बोलणे नव्हते. मग दिवाळीच्या आसपास नानांनी खालचा सव्वा एकर मुलाला दिला. तोंडाने काही बोलले नाहीत, नुसती पंपाच्या खोलीची किल्ली ओट्यावर ठेवली. पहिल्या वर्षी मुलाचा ऊस नानांच्या उसाहून कमी पडला आणि नानांनी ते चारचौघांत बोलून दाखवले, म्हणजे गप्प बसण्याची अट त्यांनी मोडली. दुसऱ्या लागणीला मुलाने ठिबक केले, सरी रुंद सोडली. त्याचे टनेज आम्ही इथे छापत नाही, नाना हे पत्र वाचतात. परवा वस्तीवर गेलो तर नाना बांधावर खाट टाकून बसले होते आणि नातवाला दाखवत होते, की पश्चिमेला ढग असा पिवळट दिसला तर पाणी तोडायचे. आम्ही म्हटले, "काय नाना, रिटायर झाले म्हणायचं?" ते म्हणाले, "रिटायर कशाचा? बदली झाली माझी. रानातून बांधावर."

सभासद बंधू-भगिनींनो, आत्ता हे लिहितानाही पश्चिमेकडे आभाळ काळे झाले आहे आणि कचेरीची खिडकी आपटते आहे. हा पाऊस वेळेवरचा आहे, त्याची भीती नाही. पण एक विनंती आहे. आडसाली लागण १५ जुलैच्या पुढे सुरू होईल. त्याआधी एखादी पावसाची संध्याकाळ घरी मिळेलच. त्या संध्याकाळी सगळ्यांनी ओसरीवर बसा. सातबारा, शेअर सर्टिफिकेट, पासबुके, कर्जाचे कागद मध्ये ठेवा. वडिलांनी बोलावे, मुलांनी ऐकावे; मग मुलांनी बोलावे, वडिलांनी ऐकावे. भांडण झाले तर होऊ द्या, घरातले भांडण चुलीपाशी मिटते. आणि आईला त्या बैठकीत चहा करायला पाठवू नका, तिला मध्ये बसवा.

वारसनोंदीचे फॉर्म प्रत्येक गट कचेरीत ठेवले आहेत. भरता येत नसेल तर आमच्या माणसाला वस्तीवर बोलवा, तो येईल. हंगामात रात्री दोनला येतो, तर या कामाला दिवसाढवळ्या का येणार नाही?